पावणेसातची गाडी

इलोझुम्बा सरांनी आजवर अकरा सिनेमांत काम केलं होतं आणि अकराही सिनेमांत राजाच्या मागे उभं राहून मान डोलावली होती. असाबाच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला आणखी काय देणार! बारावा सिनेमा मात्र वेगळा होता. यात ते बाप होते, तोंडी वाक्यं होती, आणि सकाळपासून सहा टेक वाया गेले होते.

प्रसंग तसा साधा. लागोसहून मुलगी येणार म्हणून बाप स्वयंपाकघरात यामचा कंद सोलतोय. फोन वाजतो. बस उलटली, मुलगी गेली. बाप मटकन खाली बसतो.

सरांनी सगळं मोजून ठेवलं होतं. टेबलापासून फोनपर्यंत तीन पावलं, दुसऱ्या घंटीला मान वर, चेहरा कॅमेऱ्याशी तीस अंशांत. एका इंचाची चूक काढून दाखवा म्हणावं. तरी दिग्दर्शिका उझोमा दर वेळी "कट" म्हणत होती.

खिडकीबाहेर आंब्याखाली बॉनिफेस पाय पसरून बसला होता. पडद्यावर कितीतरी पोरींचा बाप झालेला माणूस तो. निर्मात्याने त्याला मुद्दाम थांबवून घेतलं होतं. आणखी एक टेक फसला की सरांचा अंगरखा त्याच्या अंगावर चढणार होता.

उझोमा जवळ आली. "सर, रागावू नका. पण फोन वाजायच्या आधीच तुमचे खांदे पडतात. बापाला अजून काही कळलेलं नसतं हो!"

"मला कळलंय ना! सकाळपासून सहादा मेलीय ती. शाळेत तुला अडतीस गुण दिले होते म्हणून सूड उगवतेस का गं?"

"पास व्हायला चाळीस लागायचे, दोन गुण वाढवायला काय जात होतं तुमचं?" उझोमा हसली. "पण बरं झालं नापास केलंत. नाहीतर तुमचं बिंग फुटलंच नसतं."

"कसलं बिंग?"

"विषम संख्यांची बेरीज. एक, मग चार, मग नऊ, मग सोळा. सगळे वर्गच. मग तुम्ही खडू धरून थांबायचात. 'पुढेही वर्गच येईल कशावरून?' आम्हाला वाटलं, सर अडकले. दुसऱ्या वर्षी मी परत त्याच बाकावर, आणि तुम्ही परत तिथेच अडकलात! तेव्हा कळलं, हे सोंग आहे. अभिनय मी तिथे शिकले, सर."

सरांना वाईट वाटलं. अगदी आतून वाईट वाटलं. "सोंग नव्हतं ते. उत्तर डोक्यातून पुसल्याशिवाय मला पुढची ओळ सुचायचीच नाही. दर वर्षी वाटायचं, या खेपेला काही जमत नाही."

उझोमा त्यांच्याकडे बघत राहिली. "मग इथे का नाही पुसत?"

कंद आणि सुरी उचलून सर जागेवर जाऊन उभे राहिले.

सातव्या टेकला त्यांनी पावलं मोजली नाहीत. लागोसहून मुलीची गाडी सहाला सुटली. वाटेतल्या ओरे गावापर्यंत तीन तास, म्हणजे नऊ. जेवायला अर्धा तास. बेनिन शहरात सव्वाअकरा. तिथे रस्ता खोदलाय, पाऊण तास धरा. म्हणजे बारा. तिथून पुढे...

फोन वाजला. हिशेब अर्धा राहिला म्हणून सर चिडले, आणि हातातल्या सुरीसकट फोनकडे गेले. पलीकडचा माणूस बोलला. सरांनी ऐकलं. खाली बसायचं ते विसरूनच गेले.

"पण दोनला पोचते ना ती," ते म्हणाले. "हिशेबात दोनच येतात. मी खोदलेला रस्ताही धरलाय."

हे वाक्य कागदावर नव्हतं. बराच वेळ कुणी "कट" म्हणालं नाही. बाहेर बॉनिफेसने मुकाट्याने आपली पिशवी उचलली.

उझोमाने डोळे पुसले. "आता हेच पाठीमागून घेऊ, सर. मग नुसते हात. मग खिडकीतून."

"म्हणजे पुन्हा?"

"मी नाही का वर्ष पुन्हा काढलं?"

सरांनी नवा कंद घेतला. सहाच्या गाडीचं काय झालं ते आता त्यांना ठाऊक होतं, ती कामाची नव्हती. मग त्यांनी गाडी पावणेसातला सोडली, बेनिनचा रस्ता मोकळा धरला, आणि सोलता सोलता त्यांना खरंच वाटलं, या गाडीने पोरगी पोचेल.