दोन नंबरच्या पंपाची खरखर

नव्वद खोल्यांच्या त्या हॉटेलात देखभाल विभागाची प्रमुख म्हणून ती रुजू झाली, तेव्हा तिचे सासरे तिथल्या पंपरूममध्ये अठ्ठावीस वर्षं काम करत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम घालून दिला, "गेटच्या आत तू मॅडम, गेटच्या बाहेर सूनबाई. सरमिसळ नको."

सगळे त्यांना कानसेन म्हणत. चालू मोटरवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. त्यांनी 'ठीक' असा शेरा मारला की ते यंत्र पुन्हा कुणी तपासत नसे.

सहामाही मूल्यमापनात प्रत्येक कारागिराचं काम तिने समोर उभं राहून बघायचं, असं ठरलं होतं. सुतार झाला, वायरमन झाला. गुरुवारी सकाळी ती फॉर्म घेऊन पंपरूममध्ये उतरली.

दारातच तिला दोन नंबरच्या पंपाची खरखर ऐकू आली. दळताना जात्यात खडा यावा तशी. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले, मान डोलावली.

"ठणठणीत आहे. लिहा, मॅडम."

तिचं पेन हललं नाही. "पुन्हा एकदा ऐकता?"

त्यांनी पुन्हा ऐकलं. "अहो, ठीक आहे म्हटलं ना."

"बाबा, आपण उघडून बघू या का?"

'बाबा' ऐकून त्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मग पंप बंद केला, पाना घेतला. हात अजून तरबेज होते. वीस मिनिटांत बेअरिंग बाहेर आलं. ग्रीस जळून काळं पडलेलं, दोन छर्रे चपटे झालेले. त्यांनी ते तळहातावर घेतलं आणि पालथ्या बादलीवर बसले.

"किती दिवस झाले?" तिने हळूच विचारलं.

"हिवाळ्यापासून. आधी वाटलं, मळ असेल कानात. मग हाताला जाणवणाऱ्या थरथरीवर भागवत होतो. कानसेन बहिरा झाला, हे कुणाला सांगायचं?"

ती फॉर्मकडे बघत राहिली. तपासणीतली अचूकता, पाचपैकी गुण. तीन दिले असते तरी कुणी विचारलं नसतं.

"काय लिहू?"

"दिसलं ते लिहा. पंप बसला तर वर नव्वद खोल्यांत माणसं तोंडाला साबण लावून उभी राहतील. ती काय माझं नाव बघून गप्प बसणार आहेत?"

तिने तपासणीला दोन गुण दिले, दुरुस्तीला पाच. खाली शिफारस लिहिली: कानांची तपासणी, आणि विभागासाठी थरथर मोजायचं यंत्र. व्यवस्थापकांनी कागद वाचून भुवया उंचावल्या. "सासऱ्यांना दोन?"

"दुरुस्तीचे पाचही वाचा, सर," ती म्हणाली.

घरी मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. सासूबाईंनी पोळ्या लाटतालाटता सगळं ऐकून घेतलं. मग लाटणं बाजूला ठेवून म्हणाल्या, "चार महिने मी कानीकपाळी ओरडतेय, डॉक्टरकडे चला म्हणून. बायकोचं ऐकू येत नाही ही तर जुनीच तक्रार, म्हणून मीही नाद सोडला. बरं केलंस हो!" आतल्या खोलीतून सासऱ्यांनी विचारलं, "काय म्हणाली ती?" आणि दोघींना हसू आवरेना.

महिनाभरात त्यांच्या कानात मशीन बसलं, विभागात मोजयंत्र आलं. ते वापरायला सासरे तीन दिवसांत शिकले. चौथ्या दिवसापासून ते जेवणाच्या सुट्टीत कुठेतरी गायब होऊ लागले. तिने विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी त्यांनी तिच्या टेबलावर एक वही ठेवली. हिवाळ्यापासून त्यांनी 'ठीक' म्हणून सही केलेल्या सगळ्या मोटरी त्यात होत्या: लिफ्ट, धुलाईघर, स्वयंपाकघराचे पंखे. एकूण एकतीस. सगळ्या नव्याने मोजलेल्या. त्यातल्या दोन मोटरींपुढे लाल शाईत लिहिलं होतं, 'माझा आधीचा शेरा चूक. बेअरिंग बदलावे.'

"हे मी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"सही माझी होती ना," ते म्हणाले. "धुलाईघराची आधी करू. तिथला पट्टाही सैल आहे."

तिने साहित्याच्या मागणीवर सही केली, आणि ते पाना घेऊन निघाले.