रबरी बुडाचं मुसळ

रूपेशनं शेवटी श्वास सोडला तेव्हा द्रोणागिरीच्या त्या सोसायटीतल्या मांडवाच्या झालरी हलल्या आणि आचाऱ्याच्या चुलीतला जाळ एका अंगाला झुकला. चौथ्या मजल्यावर सोडलेला श्वास खाली मांडवापर्यंत पोचला कसा, ते विचारू नका. सकाळपासून कोंडलेला होता बिचारा. इतका वेळ कोंडलेलं काही सुटलं, की ते लिफ्टची वाट बघत नाही.

पण तो कोंडला कशानं, ते आधी सांगायला हवं.

रूपेश मूळचा जासईचा आगरी. घरची शेतं बंदराच्या पोटात गेली, आणि वडील देवजी, आई यशोदाबाई, बहीण रंजिता असं सगळं घर उचलून द्रोणागिरीत चौथ्या मजल्यावर येऊन बसलं. रूपेशनं पूल पार्लर काढलं. पार्लर हा शब्द ऐकून पहिल्याच दिवशी गावच्या दोन बायका भुवया कोरून घ्यायला आल्या होत्या. आत ट्रेलरवाले नि क्लिअरिंग एजंट टेबलावर ओणवे झालेले बघून त्या जेवढ्या दचकल्या, त्यापेक्षा ट्रेलरवाले जास्त दचकले. यशोदाबाईंना तो धंदा कधीच पटला नाही. भोकं पडलेल्या टेबलावर काठीनं गोट्या ढकलायच्या, आणि त्यासाठी पोरगा बी.कॉम. झाला, हे त्या कुणाला सांगत नसत.

पार्लरचा गाळा बदरुद्दीनचा. उरणचा हा माणूस जहाजांना दोरखंड नि रंग पुरवायचा. रूपेशला हा खेळ त्यानंच शिकवला आणि गाळाही त्यानंच शब्दावर दिला. बदरूभाईला नाद एकच, क्यूंचा. पूल खेळायची काठी म्हणजे क्यू; पण त्याच्याकडच्या क्यूंना काठी म्हटलं तर तो दोन दिवस बोलत नसे. कारागिरानं एकेक हातानं घडवलेल्या, देशोदेशींहून आणलेल्या त्या क्यूंसाठी घरात एक वेगळी खोली होती, आणि तिथं एसी असा चालायचा की डास आत शिरताना मफलर बांधून यायचे.

त्यात एक होती राणी. हे नाव त्याची बायको खदीजा हिनं चिडून ठेवलेलं. राणीचं लाकूड असल्या जंगलातलं, की तिथं माकडंसुद्धा झाडावर चढायच्या आधी खाली बघून घेतात. अंगभर शिंपल्यांची नक्षी, मुठीवर पांढऱ्याशुभ्र दोऱ्याचं घट्ट गुंडाळण, मधल्या जोडाला चांदीचं कडं, बुडाला रबराचं बूच. मधोमध आटे फिरवले की तिचे दोन तुकडे व्हायचे, एक जाडजूड, एक सडपातळ, आणि दोन्ही मखमलीच्या पेटीत शेजारी शेजारी झोपायचे. बदरूभाईनं तिच्यानं एकदाही गोटी मारली नव्हती.

त्यालाही कारण होतं. त्याचा चुलतभाऊ नौमान एकदा राणीला न्याहाळून म्हणाला होता, "छान आहे. फक्त आतून चिकटवलेली नसली म्हणजे झालं."

एवढंच. पण ते बदरूभाईच्या काळजात काट्यासारखं बसलं. क्यूचं पोट तपासायचं तर ती जमिनीवर बुडानं आपटून बघतात. एकसंध असेल तर आवाज येतो एकच, ठण्ण, आणि संपतो. आतून चीर असेल, डिंक सुटला असेल, तर त्या आवाजामागून भुंगा गुणगुणल्यासारखं काहीतरी येतं. बदरूभाईनं किती तरी वेळा राणीला उचललं, जमिनीवर नेलं, आणि हलकेच परत ठेवलं. भुंगा निघाला तर? त्यापेक्षा न आपटलेली बरी.

रंजिताच्या लग्नाच्या आठवड्यात बदरूभाईच्या घरी रंगकाम निघालं. बाकीच्या क्यू कुठंकुठं गेल्या. राणी त्यानं रूपेशच्या हातात दिली.

"पार्लरमध्ये नको ठेवू. ट्रेलरची धूळ. घरी एसी आहे ना?"

"आहे भाई."

"हळदीला येतोच आहे, तेव्हा नेईन. आणि रूपेश, हिला काही झालं तर तू मला भेटू नकोस. गाळ्याची चावी नुसती वॉचमनकडे ठेव."

रूपेशनं पेटी बेडरूमच्या कपाटावर ठेवली. यशोदाबाईंची नजर लगेच तिकडे गेली.

"त्या पेटीन काय हाय?"

खेळाची काठी म्हटलं असतं तर ती पेटी खाली गेली असती, आणि जिन्यानं नाही. रूपेश बोलून गेला, "लग्नाचं सामान आहे आये. वेळ आली की काढायचं."

लेक बहिणीसाठी गुपचूप काहीतरी आणतोय, या आनंदात यशोदाबाईंनी त्या दिवशी त्याला दोन पापलेटं जास्त वाढली.

हळदीच्या दिवशी सकाळी रूपेश जनरेटर आणायला उरणला गेला. इकडे घरात घाणा भरायची वेळ झाली. लग्नाच्या हळदीची पहिली हळकुंडं घरी उखळात कांडायची, ती दोन मुसळांनी आणि पाच सवाष्णींनी. धवलारीन, म्हणजे लग्नाची गाणी गाणारी बाई, धवले म्हणते, त्या तालावर मुसळं खाली येतात. मग तीच दोन मुसळं आंब्याची पानं लावून एकत्र बांधायची, देवघरात देवकाशेजारी उभी करायची, आणि नवरीच्या डोक्यावर अक्षता पडून देवक उठेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. राजाबाई धवलारीन नऊवारी सावरून बसली, सवाष्णींनी पदर खोचले, आणि तेव्हा लक्षात आलं की मुसळ एकच आहे. दुसरं जासईच्या घराबरोबर कुठं गेलं, कुणालाच आठवेना.

यशोदाबाईंना पेटी आठवली.

रूपेश परतला तेव्हा आवाज त्याला गेटपाशीच ऐकू आला. धप्प. ठण्ण. धप्प. ठण्ण. पहिला आवाज मुसळाचा, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. दुसरा कशाचा, हेही त्याला तिथंच कळलं. लिफ्ट भाताच्या टोपांनी अडवलेली. तो जिन्यानं पळाला. चार मजल्यांत त्याच्या अंगातून एवढा घाम गेला, की जुनं मिठागर त्यावर पुन्हा चालू करता आलं असतं. वर पोचला तर गाणं संपलं होतं. देवघरात दोन मुसळं एकत्र बांधून उभी होती, एक काळपट, जुनं, आणि दुसरी राणी. आंब्याच्या पानांतून तिचे शिंपले चमकत होते. कपाळ म्हणावं अशा जागी कुंकू होतं. मुठीवरचा पांढरा दोरा पिवळाधमक झाला होता.

"आये," रूपेशच्या तोंडून एवढंच निघालं.

"बघतस काय? माझ्या पोरानं चांदीचा मुसल आनला, सगल्या जनी बघतच रायल्या." यशोदाबाईंचा चेहरा उजळला होता. "आनि बुडाला रबर. मी राजाबाईला बोल्लू, ह्यो फ्लॅटवाल्यांचा मुसल हाय. खालच्या मजल्यावरची ती भांडकुदली, मी मसाला कुटाया बसलू का झारू घेऊन वर येते. आज चकार शब्द नाय."

"आये, ते सोड. मला ते आत्ता काढू दे."

"देवकाजवलचा?" त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो एक पाऊल मागे सरला. "बहिनीचा लगीन मोरायचा हाय तुना?"

"आणि पेटीतला बारीक तुकडा?"

"तो हाय तितंच. मुसलासंगती लाटना कशाला दिलान, ता काय मना समजला नाय. येवढ्या लांबीची भाकर कोन करतो?"

दिवसभर रूपेशनं मांडवात खुर्च्या लावल्या आणि लावलेल्या पुन्हा लावल्या. पार्लरमधली टेबलं कुठं न्यायची, याचाही विचार करून झाला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन मावतील, असा त्याचा हिशेब निघाला.

संध्याकाळी बदरूभाई आणि खदीजाभाभी आले. भाभी वर बायकांत गेल्या. बदरूभाई मांडवात बसला.

"भाई, वडे घ्या ना. तांदळाचे आहेत."

"घेतले."

"आइस्क्रीम?"

"खाल्लं. पेटी काढ, वाटेत गर्दी व्हायच्या आत निघतो."

"पान लावून आणू?"

"रूपेश, तू मला पान खाताना कधी बघितलंस?"

एवढ्यात खदीजाभाभी खाली आल्या. पदर तोंडाला लावलेला, खांदे हलत होते.

"अहो, तुमची राणी वर देवाजवळ बसलीये. कुंकू लावून. लग्नात माझ्या अंगावर नव्हतं तेवढं तिला नटवलंय."

बदरूभाई उठला. रूपेशकडे त्यानं बघितलंही नाही, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. लिफ्टमध्ये तिघं होती. रूपेश आकड्यांकडे बघत राहिला, पार्लरच्या भिंतीवरचं घड्याळ उतरवायला स्टूल लागेल, असलं काहीतरी मनात आणत.

देवघराच्या दाराशी बदरूभाईनं चपला काढल्या. आत वाकून बघितलं.

"बघा शेठ, खुशाल बघा," यशोदाबाई म्हणाल्या, "पन हात नको. रंजीवर अक्षता पडल्याबिगर ता हालवाचा नाय."

बदरूभाईनं हात पाठीमागे बांधले. "हे वापरलं का तुम्ही? की नुसतंच बांधलंय?"

"वापरला मंजे? हलद कांडली. पाच जनींनी. सगल्यात जोर लावला ती आमची गीतांजली, ती काय हलक्या हाताची नाय."

गीतांजली कोपऱ्यात लाजली. तिच्या लाजण्यानं कोपरा भरून गेला होता, म्हणजे तिच्या ताकदीची कल्पना यावी.

बदरूभाई खुर्चीवर बसला. रूपेशला वाटलं, आता शब्द निघणार, आणि कुठले निघणार तेही त्याला दिसत होतं. पण बदरूभाईनं विचारलं, "आवाज कसा आला?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. माणसाला धक्का बसला की असं होतं, असं कुणीतरी पुटपुटलं.

"आपटल्यावर. आवाज कसा होता? नुसता ठण्ण, की मागून काही गुणगुणत होतं?"

"मी गात होतू," राजाबाई म्हणाली, "मना माजाच आवाज."

दाराशी सुगत उभा होता, लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणारा. तो कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होता. "माझ्याकडे सगळं आहे ना," तो म्हणाला. "उखळाला चिकटूनच माइक ठेवला होता. हेडफोन देऊ?"

बदरूभाईनं हेडफोन कानाला लावले आणि डोळे मिटले. धवला सुरू झाला असावा, कारण त्याची मान आधी तालावर हलली. मग राजाबाईनं श्वास घेतला ती जागा आली असावी, कारण मान थांबली. त्यानं बोट वर केलं. सुगतनं मागे घेऊन तेच पुन्हा लावलं. पुन्हा बोट. पुन्हा मागे. खोलीत कुणी बांगडी वाजू देत नव्हतं.

"ही गीतांजली का?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.

"हो," सुगत म्हणाला, "हे ठोके तिचेच."

बदरूभाईनं आणखी ऐकलं. मग खिशातून फोन काढला आणि एक हेडफोन फोनला टेकवला.

"नौमान, ऐक. बोलू नको, ऐक नुसता. ऐकलंस? भुंगा ऐकू आला कुठं? नाही ना? पाच बायकांनी उखळात घातली होती तिला. चिकटवलेली म्हणे." त्यानं फोन ठेवला आणि हेडफोन काढले. डोळ्यांत पाणी होतं आणि मिशीखाली हसू. "एकसंध आहे. माझी राणी आतून एकसंध आहे. मला जन्मात असं आपटायचं धाडस झालं नसतं, यशोदावहिनी."

तेव्हा रूपेशनं तो श्वास सोडला. झालरी हलल्या, जाळ झुकला, आणि खालून आचाऱ्यानं शिवी दिली.

"पण भाई, तो दोरा पिवळा झाला," रूपेशला राहवलं नाही.

"दोरा बदलता येतो रे. पोट बदलता येत नाही."

यशोदाबाई मात्र मध्येच अडल्या होत्या. "मंजे ह्यो मुसल नाय?"

"नाय आये. भाईंची क्यू आहे."

"कसला क्यू? राशनचा?"

रूपेशनं मग सगळं सांगितलं, कपाटावरच्या पेटीपासून. यशोदाबाईंनी ऐकून घेतलं, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, लग्नघरात होता म्हणून एकच, आणि बदरूभाईकडे वळल्या. "काय पन म्हना शेठ, मुसल म्हनून पास झाला."

"झाली," बदरूभाई म्हणाला. राणीला कुणी पुल्लिंगात बोलावं, हे एवढ्या आनंदातही त्याला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, देवक उठलं, आणि यशोदाबाईंनी राणीला मऊ पंच्यात गुंडाळून स्वतः बदरूभाईच्या हातात दिलं.

"वैशाखान आमच्या बंडूच्या पोरीचा लगीन हाय. तवा आनून द्याल?"

बदरूभाईनं तिथंच फोनमध्ये आठवण लावली. राणीच्या नावानं आलेलं ते पहिलं निमंत्रण होतं. पुढं जासईकडच्या बायका रबरी बुडाची मुसळं मागत उरणच्या बाजारात फिरल्या, आणि एका भांडीवाल्यानं तर त्या त्रासापायी दुकान बदललं, असं ऐकण्यात आहे.

दोरा बदरूभाईनं बदललाच नाही. पाहुणे पांगल्यावर तो राणीला घेऊन पार्लरमध्ये आला, दोन्ही तुकडे जोडले आणि पहिल्यांदाच टेबलावर वाकला. रूपेशनं गोट्या रचून दिल्या. फटका बसला तसा दोऱ्यातून हळदीचा एवढा धुरळा उडाला की पांढरी गोटी पिवळी होऊन सुटली, सगळ्यांना धक्के देत गेली, आणि आठ नंबरच्या काळ्याला सोबत घेऊन कोपऱ्यातल्या खड्ड्यात उतरली.

"फाउल, भाई. पांढरी आत जाता कामा नये," रूपेश म्हणाला.

"कसला फाउल," बदरूभाई खडूनं राणीचं टोक घासत म्हणाला. "हळद लागली होती तिला. सासरी गेली."