एका ओढीची गाठ

परात वाजली तेव्हा त्रिंबक बशीतल्या चहावर फुंकर घालत होता. पहिल्या वेळी त्याने ती ऐकलीच नाही. मग त्याच्या बायकोने, शिवकन्येने, परात थेट त्याच्या कानाशी नेली आणि उलथन्याने बडवली. बशी डचमळली, अर्धा चहा धोतरावर सांडला आणि म्हातारा ताडकन उठून उभा राहिला.

"आता काय करायचं?" शिवकन्या ओरडली.

"धोतर बदलायचं."

"आवो, आग लागलीय, आग! परात वाजली म्हंजी काय करायचं म्हणून सांगितलंय म्या?"

"म्हशीचं दावं वढायचं."

"मंग वढा की! हितं हुबं ऱ्हाऊन मलाच काय सांगताव?"

त्रिंबक गोठ्याकडे निघाला. निघाला म्हणजे आधी चप्पल शोधली. एक सापडली, दुसरी कुत्र्याने नेलेली, तिच्यामागे घराला एक फेरी झाली. मग कुठे स्वारी खुंट्यापाशी पोचली. दाव्याचं मोकळं टोक त्याने ओढलं, गाठ सर्रकन सुटली आणि म्हैस मोकळी झाली. ही नुसती तालीम आहे हे तिला कोण सांगणार? ती निवांत चालत शेजारच्या कोथिंबिरीत घुसली.

"तीन मिन्टं," शिवकन्या मोबाईलमधलं घड्याळ बघत म्हणाली. "येवढ्यात म्हशीचा कोळसा झाला आसता."

लिंबागणेश गावाच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी ही वस्ती. वस्ती म्हणजे घरं दोनच. एक त्रिंबकचं, दुसरं त्याचा चुलतभाऊ गहिनीनाथचं. पाठीमागे डोंगर, आणि डोंगरावर कमरेएवढं कुसळी गवत. माघ सरला की ते वाळून कडक होतं. मग कुणी विडी टाकतो, कुणी बांध पेटवतो, आणि कुणी मुद्दाम काडी लावतो, कारण डोंगर जळला की मृगात गवत चांगलं फुटतं असं आजा-पणजा सांगून गेलेले. ते गेले सांगून, निस्तरायचं पायथ्याच्या लोकांनी! पंचवीस वर्षं वणवा दरसाल वरच्यावर निघून गेला होता. गेल्या चैत्रात मात्र तो सरळ अंगणात उतरला. घराला टेकून रचलेली कडब्याची गंजी पेटली, गंजीवरून गोठ्याचं छप्पर पेटलं आणि खुंट्याला बांधलेली ढवळी गाय जागेवर गेली. सात महिन्यांची गाभण होती.

दाव्याला दुहेरी गाठ होती. आगीला भिऊन गायीने हिसके दिले आणि गाठ दगडासारखी आवळली. शिवकन्येने नखं तुटेपर्यंत ओढली, पण ती सुटली नाही. संध्याकाळी केजहून मुलगा आला, बजरंग. त्याने खुंट्यावरचं जळकं टोक बघितलं आणि विचारलं, "आसली गाठ कुणी मारलती?"

"म्याच," त्रिंबक म्हणाला. "रोज मीच बांधतो की."

तेव्हापासून बजरंग बापाशी धड बोलत नव्हता. फोन आला की, "माय हाय का?" एवढंच.

आणि खरी गोष्ट अशी, की गाठ शिवकन्येने मारली होती. त्या दिवशी त्रिंबक बाजाराला गेला होता. जनावरं चोरीला जायला लागलीत असं कानावर आलं, म्हणून तिने स्वतःच्या हाताने, दात-ओठ खाऊन, ती दुहेरी गाठ आवळली होती. त्रिंबक विसराळू. रोजचं काम आपलं, म्हणजे त्या दिवशीचंही आपलंच, असं त्याला वाटलं असणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली. भर ग्रामसभेत पुढाऱ्याला "खाली बस" म्हणणारी बाई ती. पण हे एक वाक्य वर्ष झालं तरी तिच्या तोंडातून निघालं नव्हतं. नवऱ्याच्या पानात भाकरी वाढताना ते रोज घशाशी यायचं आणि रोज ती ते गिळायची.

संक्रांतीला बजरंगने फोनवर अट घातली होती. "माय, ह्या उन्हाळ्यात आग अंगणात आली, तर म्हैस इकायची आन दोघांनी बी केजला यायचं. दीपमालानं खोली रिकामी करून ठिवलीय."

"आन न्हाई आली तर?"

"तर मी परत नाव काढणार न्हाई."

"लिहून दे."

"फोनवर कसं लिहून देऊ?"

"मेसेज धाड. मला वाचता येतंय."

त्याने धाडला. तिने तो जपून ठेवला, आणि कामाला लागली.

सून दीपमाला वाईट नव्हती, खोलीही वाईट नसेल. पण लग्न होऊन ज्या मातीत आली, जी विहीर तिने पोटात बजरंग असताना खोदली, ती सोडून तिसऱ्या मजल्यावर जाऊन काय करायचं? खिडकीतून रिक्षा मोजायच्या? एका वणव्याने आपल्याला हुसकून लावायचं म्हणजे झालंच की मग! "आगीला भ्यायची म्हणलं तर चूल कशी पेटवायची?" असं ती म्हणायची.

आता ज्वारी निघाली तशी तिने गंजी घराला टेकवू दिली नाही. नांगरून टाकलेल्या रानाच्या मधोमध रचायला लावली. छपरावरच्या तुराट्या खाली आल्या, पत्र्यावरचा लिंबाचा पाला रोज झाडला जाऊ लागला. लाईट असेल तेव्हा दोन निळे ड्रम गच्च भरायचे, कारण आग काही लाईटीचं टायमटेबल बघून येत नाही. फवारणीचा पाठीवरचा पंप तिने तीनदा धुऊन साध्या पाण्याने भरला आणि दाराशी टांगला. ओली पोती, रेशन कार्ड आणि सातबारा ठेवलेला डबा, कमरेला विळा. आणि एका ओढीत सुटणारी गाठ. ती तिने त्रिंबकला आठ दिवस शिकवली.

जाळपट्टा हे सगळ्यात मोठं काम. वरच्या अंगाला जंगलखात्याचे मजूर कसा काढतात ते तिने बघितलं होतं. दोन बाजूंनी गवत खरडून काढायचं, मधलं गवत पहाटे दव असताना पेटवायचं आणि ओलं पोतं घेऊन शेवटची ठिणगी मरेपर्यंत उभं राहायचं. आपणच गवत जाळून ठेवलं, की वणव्याला खायला काही उरत नाही. गहिनीनाथची बायको बबिता मदतीला आली. अकरा सकाळी दोघींनी धूर खाल्ला. ओढ्यापासून दहा हात रुंद पट्टा निघाला, तो थेट गहिनीनाथच्या बांधापर्यंत. तिथे तो अडला, कारण गहिनीनाथ अडला.

तर म्हैस त्याच्याच कोथिंबिरीत गेली होती. तो तिला हाकत अंगणात आला.

"वयनी, म्हैस कावून सोडली?"

"तालीम चालू हाय."

"कसली?"

"न जळायची."

गहिनीनाथ खो खो हसला. "तुमी तर सर्कसच काढली की! आन गंजी रानात? चोराला आवतन दिलंय का? कडबा घराला टेकून आसावा, वाडवडलांपासून चालत आलंय."

"चोर आला तर गंजी नेईल, भावजी. आग आली तर घर नेईल. तुमच्या बांधापुढं तीस पावलं पट्टा ऱ्हायलाय. उद्या म्या आन बबिता काढतो."

"माझ्या बांधाला हात लावायचा न्हाई. मी सोता पेटवून एका दिसात साफ करतो."

"पेटवा, पर दव आसताना. दुपारच्याला वारं फिरतंय."

"आता बाया शिकवायल्या व्हय मला बांध जाळायला!" असं म्हणून तो गेला. त्रिंबकने विचारलं, "काय म्हणला?"

"तुमची तब्येत इचारली," शिवकन्या म्हणाली.

होळी होऊन चौथा दिवस. सकाळी गहिनीनाथ लिंबागणेशला जाऊन आला, त्यात अकरा वाजले. आलाच आहे तर काम उरकू म्हणून त्याने बांधाला काडी लावली. पाव तास बांध शहाण्यासारखा जळला. मग वारं फिरलं आणि बांधावरची आग डोंगराच्या गवतात शिरली.

शिवकन्या भाकरी थापत होती. वास आला आणि तिने काठवट ढकलून परात उचलली. या वेळी त्रिंबकने चप्पल शोधली नाही. अनवाणी पळाला, टोक ओढलं, म्हैस मोकळी. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

वणवा उतारावरून आला तो माणसाच्या उंचीचा. पट्ट्यापाशी आला, तडतडला, खायला काही मिळेना तसा काळ्या मातीच्या कडेकडेने सरकायला लागला. शिवकन्या पोतं घेऊन उभी होती. पट्टा टिकला.

"वाचलं गं! वाचलं आपलं!" त्रिंबक ओरडला.

त्याच वेळी बबितेची किंकाळी आली. राहिलेल्या तीस पावलांतून आग आत घुसली होती आणि गहिनीनाथची गंजी, घराला टेकलेली, पेटली होती. लाईट अर्थातच नव्हती. त्यांच्याकडे पाणी म्हणजे एक रांजण.

शिवकन्येने आपले दोन ड्रम बघितले. हे पाणी तिकडे गेलं आणि इकडे एक ठिणगी पडली, तर अंगण गेलं. म्हैस विकायची, केजची खोली, सगळं. मेसेज तिनेच लिहून घेतला होता. ती क्षणभर थांबली. खोटं कशाला सांगा, थांबलीच.

"मेल्याला लाख डाव सांगितलं व्हतं," म्हणत तिने पंप पाठीला लावला. "आवो, बादल्या घ्या! सगळं पाणी तिकडं!"

गहिनीनाथ गोठ्यात होता. धुरात त्याची म्हैस दाव्याला हिसके देत होती आणि तो गाठीशी झटत होता. "सुटंना, वयनी, सुटंना!" तो लहान पोरासारखा रडत होता. दुहेरी गाठ, आवळलेली, आणि तिच्यावर धडपडणारी बोटं. ही बोटं तिच्या ओळखीची होती. वर्षभर ती तिच्या स्वप्नात येत होती.

"सरका!" तिने कमरेचा विळा काढला आणि दावं कापलं.

मग पंप, पोती, बादल्या. बबिता भरत होती, त्रिंबक आणत होता, गहिनीनाथ ओतत होता. गंजी गेली, एका अंगाचे वासे जळाले, भिंत काळी झाली. पण घर राहिलं.

पेटता कडबा वाऱ्यावर उडाला होता. शिवकन्येने मागे वळून बघितलं, तर रानाच्या मधोमध तिची स्वतःची गंजी पेटली होती. त्रिंबक बादली घेऊन धावला, तिने त्याचा हात धरला.

"जळू द्या. तिच्या आजूबाजूला काय न्हाई."

वर्षाचा चारा एकटा नांगरटीत जळत राहिला. ढेकळं ओलांडून एक ठिणगी घराकडे आली नाही. शिवकन्या बांधावर बसली आणि तिला भडभडून आलं. कापणी तिच्या हातची, पेंढ्या तिच्या हातच्या. रडू नको तर काय करू?

चारच्या सुमाराला बजरंग मोटारसायकलवर आला. राखेचा ढीग बघून त्याचं तोंड उतरलं. "झालं का समाधान, माय? चारा बी गेला. चला आता केजला."

"मोबाईल काढ. काय लिव्हलंतंस तू?"

"माय, आता कशाला..."

"वाच."

"आग अंगणात आली तर."

"मंग अंगण बघ. एक काळा डाग दाव, मी आत्ता गाडीवर बसते."

बजरंग अंगणात फिरला. तोपर्यंत गहिनीनाथ आणि बबिताही येऊन उभे राहिले होते, काळ्या तोंडाने. शेण सारवलेलं अंगण स्वच्छ होतं. ढवळीच्या खुंट्यापाशी तो थांबला. तिथे दाव्याचं जळकं टोक अजून तसंच होतं. ते तिने काढू दिलं नव्हतं.

"ह्यो मागल्या सालचा," तो म्हणाला आणि त्याने बापाकडे बघितलं, वर्षभर बघत होता तसंच. "तवा आप्पांनी जरा ध्यान दिलं आसतं..."

"ती गाठ माझी व्हती," शिवकन्या म्हणाली.

त्रिंबकने कानामागे हात धरला. "काय म्हणली ती?"

आता आली का पंचाईत! वर्षभर पुटपुटायला न जमलेलं ते वाक्य तिला ओरडून सांगावं लागलं. "ढवळीची गाठ! म्या मारलती! तुमी न्हाई!" डोंगरानेसुद्धा ऐकलं असेल.

"मालूम हाय की," त्रिंबक म्हणाला. "त्या दिशी मी बाजाराला गेलतो. वरडायलीस कावून?"

शिवकन्या त्याच्यापुढे आली. "मंग... मंग वरीसभर बोलला कावून न्हाईत?"

"तुझी गाय गेलती. वरून पोराची बोलणी बी तूच खायची का? मला ऐकू कमी येतंय. बोलणी मलाच परवडत्यात."

बजरंग खाली मान घालून उभा राहिला. मग तो कोथिंबिरीतून म्हैस घेऊन आला आणि दावं हातात धरून बापापुढे थांबला. त्रिंबकने गाठ मारून दाखवली, मोकळं टोक मुलाच्या हातात दिलं. बजरंगने ओढलं. गाठ सुटली.

"आता तू मार," त्रिंबक म्हणाला.

बल्ब लागला. लाईट आली होती. शिवकन्या पदराने डोळे पुसत विहिरीवरची मोटार चालू करायला गेली. दोन्ही ड्रम रिकामे होते आणि अजून अख्खा चैत्र बाकी होता.