मुलीनं स्वतः भरायचा अर्ज

मुलांनो, जरा डोळे मिटा. हातात मोबाइल आहे, आणि पडद्यावर जिथं बोट टेकवाल तिथलं तो वाचून दाखवतो, असं समजा. आता बोट फिरवा. फोन म्हणतो, "चित्र." पुढं सरका. "चित्र." आणखी पुढं. "बटण." कसलं चित्र, कशाचं बटण, काही सांगत नाही. मग तुम्ही तुमचं नाव कुठं लिहाल?

बाळापूरजवळच्या खेड्यातल्या दीक्षाला दिसत नव्हतं. गावची शाळा सातवीत संपत होती. पुढं शिकायचं तर अमरावतीच्या एका संस्थेच्या वसतिगृहात जागा मिळायला हवी होती. तिथं फक्त अंध मुलीच घेत. अर्ज वेबसाइटवरच भरायचा, आणि तोही मुलीनं स्वतः. दुसऱ्यानं भरलेला कळला तर बाद. मुली स्वावलंबी व्हाव्यात म्हणून हा नियम. वेबसाइट करणाऱ्यांनी मात्र चित्रांना, बटणांना नावंच दिली नव्हती. दीक्षानं किती दिवस बोटं फिरवली. शेवटी संस्थेत फोन करून अडचण सांगितली.

मग तिकडून फोन आला. वेबसाइट सुधारली आहे, मुदतीच्या शेवटच्या दिवशी अकोल्यात देणगीदारांचा कार्यक्रम आहे, तिथंच येऊन सगळ्यांसमोर अर्ज भर. तिच्या आईनं, मनकर्णानं, मजुरी बुडवली आणि दोघी सकाळच्या एसटीनं निघाल्या. दीक्षा वाटभर जन्मतारीख आणि आधारचा नंबर घोकत होती.

सभागृह भरलेलं होतं. संस्थेच्या माधवीताईंनी दीक्षाला हात धरून मंचावर नेलं आणि संगणकापुढं बसवलं. वेबसाइट बनवणारा अनुप शेजारी बसला. दीक्षानं पहिली कळ दाबायच्या आतच संगणक बोलला, "अर्जदाराचं नाव. आरती."

ती थबकली. तिनं अजून काहीच लिहिलं नव्हतं.

"बोटं हालवत राय," अनुप तिच्या कानाशी कुजबुजला. "वाचून दाखवाचं काम झालंच नाई अजून. हे रेकॉर्ड केलेलं लावलं."

खाली मनकर्णा शेजारच्या बाईला सांगू लागली, की माझ्या पोरीचं नाव दीक्षा आहे. मशीन आहे मावशी, होते चूक, असं म्हणून बाईनं तिला गप्प केलं.

माधवीताई माइकवर म्हणाल्या, "पाहा, कशी सराईत बोटं फिरतात हिची. याला म्हणतात स्वावलंबन." टाळ्या पडल्या.

"दादा, मंग माह्या अर्जाचं काय?" दीक्षानं हळूच विचारलं. "आज आखरी दिवस हाये."

"कार्यक्रम नीट होऊ दे. संध्याकाळी तुय नाव मीच टाकून देतो. कोनाले समजते?"

दीक्षा पुन्हा कळा दाबू लागली. एवढं निभावलं की जागा आपली, असं ती मनाशी म्हणाली. पण ती आरती डोक्यातून जाईना. ही कोण, असं तिनं विचारलं. अनुपनं सांगितलं, धारणीकडची पोट्टी होती, मागच्या साली अमरावतीच्या कार्यक्रमाला तिला असंच बसवलं होतं. तिचं नावही आपणच टाकणार होतो.

"मंग तिले भेटली जागा?"

अनुपला हसू आलं. "अवं, ध्यानातच नाई राह्यलं. तिची माय लय दिवस फोन करत होती."

संगणक त्या पोरीच्या गावाचं नाव सांगत होता. अनुपच्या हातून आपलं नाव राहिलं तर अमरावती गेलीच, आणि त्याला दुखावलं तर आत्ताच गेली, हे दीक्षाला कळत होतं.

तिनं कळफलकावरून दोन्ही हात उचलले आणि सगळ्यांना दिसतील असे डोक्याच्या वर धरले. संगणक बोलतच होता, "वडिलांचं नाव. जानराव." अनुपनं हसतमुखानं तिचा एक हात खाली ओढला आणि टेबलाआड दंडाला करकचून चिमटा घेतला. दीक्षानं हात सोडवला आणि पुन्हा वर केला.