पाला ओढणारं दाताळं

मित्रांनो, मी एक जुनं दाताळं आहे. बागेतला पालापाचोळा ओढायचं माझं काम. माझा एक दात पडलाय, पण तोंडाचा पट्टा अजून चालू आहे!

सुताराने माझी दांडी तासली, लोहाराने दात ठोकले आणि मी काकांच्या फळबागेत आले. काकांना स्वच्छतेचं भारी वेड. पान पडायचा अवकाश, की मी कामाला लागायचे. ओढलेला पाला काका कोपऱ्यात नेऊन पेटवायचे. येणारेजाणारे बागेची वाहवा करायचे आणि मला मूठभर मांस चढायचं. दाताळ्याला मांस कुठलं म्हणा, पण चढायचं खरं.

झाडं मात्र सुकत चालली. माती इतकी टणक झाली, की पाणी वरच्या वर वाहून जायचं. शेवटी काका म्हणाले, "झाडं थकली. पुढच्या वर्षी तोडून टाकू."

ती झाडं काकूंनी लावलेली, आणि काकू आता नव्हत्या. त्यांची लेक, म्हणजे ताई, पुढे आली.

"बाबा, एक रांग मला द्या," ती म्हणाली. "तिथे खणायचं नाही, खत घालायचं नाही, दाताळं लावायचं नाही. रानात कोण झाडू मारतं? तरी झाडं वाढतातच ना?"

"म्हणजे आळसालाच शेती म्हणायचं," काका म्हणाले. पण रांग दिली.

त्या रांगेत पानं साचली, गवत माजलं. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. खोपीत टांगल्या टांगल्या मीही जळफळत होते.

वर्ष सरलं. ऐन उन्हाळ्यात काका तोडायच्या झाडांवर खुणा करायला निघाले. ताईच्या रांगेत त्यांनी वाकून पाला सारला. खालची माती काळीभोर, ओलसर होती. बोट टेकवलं तर आत गेलं. वर फांदीला कोवळी पालवी होती.

ताई हळूच म्हणाली, "झाड आपलं जेवण आपणच वाढून घेतं, बाबा. आपण त्याचं ताट उचलून जाळत होतो."

काका खोपीत आले. मी मनात म्हटलं, आता आपली रवानगी चुलीत. पण त्यांनी मला कोपऱ्यातल्या, जाळायला ठेवलेल्या ढिगापाशी नेलं आणि पाला पुन्हा झाडांकडे ओढायला लागले. काकूंनी लावलेल्या पहिल्या झाडाशी ते थांबले. बुंध्याभोवती त्यांनी हातानेच पानं पसरली, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तशी. त्यांचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, मला गंजू दिलंत तरी चालेल. पण झाडाखालचं पान उचलण्याआधी एवढं आठवा, ते कुणाच्या तरी ताटातलं आहे.