वीस टक्क्यांच्या खाली

"बोर्डासमोर कण्हायचं नसतं," सासरे गाडीत पुन्हा म्हणाले. माझ्या नवऱ्याने, निशांतने, मान हलवली. आमच्या छोट्या ईश्वरीला मांडीवर धरून मी खिडकीबाहेर बघत राहिले. तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं.

सासरे सुभेदार म्हणून रिटायर झाले. निशांत फौजेत नाईकाच्या हुद्द्यावर होता, तेव्हा ड्युटीवर गाडी घाटात उलटली. गळ्याखालची हासळी आणि पाठीमागचा फरा, उजव्या बाजूची दोन्ही हाडं मोडली. हाडं जुळली, पण हात खांद्याच्या वर नीट जात नाही. फौजेतून सुटताना डॉक्टरांचा बोर्ड बसला. तिथे हुकूम झाला, 'हाथ ऊपर', आणि ह्याने दात आवळून हात थेट कानाला लावला. अपंगत्व वीस टक्क्यांच्या खाली लिहिलं गेलं. वीसच्या खाली पेन्शन नाही. इकडे तुर्भ्याच्या गोदामाने त्याला गार्ड म्हणून ठेवलं नाही, शटर ओढता येत नाही म्हणून. तिथे तो अपंग, बोर्डापुढे धडधाकट. अपील केलं होतं, आज दुसरा बोर्ड. ह्यानंतर फक्त कोर्ट.

कामोठ्याच्या घरात मी त्याची तयारी करून घेत होते. मी 'हात वर' म्हणायचं, दुखायला लागलं की त्याने थांबायचं. थांबायचाही. मग आतून सासरे जरबेने 'हाथ ऊपर' म्हणायचे, आणि हात झटकन वर जायचा.

"बघ सूनबाई," ते हसायचे, "फौजेचं पाणी हाय."

निशांतही हसायचा. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा. नळाच्या आवाजाखाली काय चालतं ते मला ठाऊक होतं.

लष्करी हॉस्पिटलात आम्ही बाकावर बसलो. त्याचं नाव पुकारलं तसा तो उभा राहिला, ताठ, छाती पुढे. मी त्याची बाही धरली.

"दुखेल तिथे थांब. एवढंच."

"हो गं. किती टेन्शन घेशील?"

दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर एक कर्नल बाई होत्या. आवाज शांत, पण हुकमाचा.

"हाथ ऊपर."

मला त्याची पाठ दिसत होती. हात वर गेला. कंबर किंचित वाकली, फरा शर्टाखालून बाहेर आला, मान लाल झाली. हात कानापाशी पोचला.

"दर्द है?"

"नो मॅम."

सासरे शेजारी बसून समाधानाने मिशीवर बोट फिरवत होते. मी ईश्वरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि आत गेले.

"मॅडम, ते खोटं बोलतायत."

निशांतने वळून बघितलं. लग्नानंतर एवढ्या रागाने त्याने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"नंदिनी, बाहेर जा."

"आप कौन?"

"बायको. पत्नी." हिंदी सुचेना, मराठीतच बोलत सुटले. "मॅडम, ह्यांना रात्री कुशीवर झोपता येत नाही. पोरीला उचलताना आधी बसतात, मग ती अंगावर चढते. केस मी विंचरते. शर्टसुद्धा मीच घालून देते."

बाईंना कळलं असावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"शर्ट उतारो, नाईक. फिर खुद पहनो."

शर्ट त्याने कसाबसा काढला. घालताना उजवा हात आधी बाहीत सरकवला. डावी बाही पाठीमागे लोंबत राहिली. ती धरायला तो डावा हात मागे नेत होता, शर्ट सरकत होता, आणि उजव्या हाताने तो पुढे ओढता येत नव्हता. एकदा, दोनदा तो स्वतःभोवतीच वळला. दारात पोरीला घेऊन उभे असलेले सासरे बघत होते. मग त्यांनी तोंड फिरवलं.

मी पुढे सरकले. बाईंनी हात आडवा केला.

त्याच्या कपाळावरचा घाम नाकावर आला. बाही अजून हवेतच.

"नंदिनी," तो अगदी हळू म्हणाला.

मी जागची हलले नाही.