भारद्वाज तेवढा ऐकू आला

मित्रांनो, सुरतेच्या डिंडोलीतल्या एका खोलीत लोखंडी कपाटावर निळ्या जाळीचा एक गोल डबा दिसेल. जाळी एका बाजूने फाटली आहे, बटणावरची खूण बोटांनी पुसून गेली आहे. तो मी. फोनमधला आवाज मोठा करून ऐकवणारा एक जुना स्पीकर. मला कुठे जोडलं, कोणी जोडलं, काही आठवत नाही. आठवतं ते पर्वत पाटियाचं रस्त्यावरचं दुकान आणि मला हातात घेऊन उलटसुलट पाहणारा विकास. त्याच्या पहिल्या पगारातून मी या घरात आलो.

विकासचे वडील राघोकाका अमळनेरकडचे. मिसरूड फुटायच्या वयात ते सुरतेला आले आणि लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात लागले. तिथे मागांचा खडखडाट एवढा, की शेजारच्या माणसाशीही हातवारे करून बोलावं लागतं. त्या खडखडाटातच त्यांचे केस पांढरे झाले. आता विकासही त्याच खात्यात माग चालवतो. त्याची आई, शोभाबाई, घरी बसून साड्यांना खडे चिकटवतात.

सुरुवातीला माझा फार मान होता. कानबाईच्या सणात गाण्यांसाठी शेजारी मला मागून नेत, आणि पुसून परत आणून देत. पण माझे खरे सुखाचे दिवस आले ते एका पॉडकास्टमुळे. दिवसभर एकट्या बसणाऱ्या आईला सोबत हवी, म्हणून विकासने तो तिच्या फोनवर लावून दिला. त्यात एक ताई एकेका पक्ष्याची गोष्ट सांगे आणि मधेच गप्प होऊन त्या पक्ष्याला बोलू देई. शिंजीर, दयाळ, बुलबुल, पाने शिवून घरटं करणारा शिंपी. मित्रांनो, मी एकही पक्षी पाहिलेला नाही. पण ते माझ्यातून बोलत, तेव्हा शोभाबाईंचा हात साडीवर थांबे. खडा बोटाच्या टोकावर तसाच राही आणि त्या खिडकीबाहेर बघत. खिडकीबाहेर समोरची भिंत आणि वाळत घातलेले कपडे. तरी त्या बघत राहत.

एका रविवारी राघोकाका माझ्यासमोर येऊन बसले. ताईचं बोलणं त्यांना जेमतेम कळत होतं. शिंपी बोलू लागला आणि शोभाबाई हसल्या. काका माझ्याकडे बघत राहिले.

"आते काय चाली ऱ्हायनं?" त्यांनी विचारलं.

"पाखरू बोली ऱ्हायनं ना. आयका."

"काईच बोलत नही. हाऊ डब्बा बिघडना."

त्यांनी माझा आवाज पूर्ण वाढवला. माझी जाळी थरथरली. शेजारच्या सरलाबाई दारात येऊन म्हणाल्या, "अहो, जरा हळू!" काकांनी मला बंद केलं, पिशवीत टाकलं आणि थेट मगनच्या दुकानात नेलं.

मगन मोबाइल दुरुस्त करतो. त्याने मला उघडलं, फुंकर मारून धूळ उडवली, पुन्हा बंद केलं आणि फोन जोडून तोच शिंपी लावला. दुकानातलं एक गिऱ्हाईक मान वळवून पक्षी शोधू लागलं. काका मात्र मगनच्या तोंडाकडे बघत उभे होते. मगनला कळलं. त्याने मला बाजूला ठेवलं आणि त्यांच्या कानाजवळ वाकून गुजरातीत सावकाश म्हणाला, "काका, स्पीकर तो बराबर छे. डॉक्टरने कान बतावो."

डॉक्टरांनी सांगितलं ते मी विकासच्या तोंडून ऐकलं. मागांच्या आवाजाने कान गेले आहेत. बारीक, उंच आवाज आधी जातात आणि गेलेले परत येत नाहीत. त्यानंतर मी सुरू झालो, की काका उठून ओट्यावर जाऊन बसत. मग शोभाबाईंनीही मला सुरू करणं सोडलं. मी कपाटावर धूळ खात पडलो. मित्रांनो, वस्तू न वापरल्याने गंजते म्हणतात. मला तर त्या पाखरांची आठवण येई.

पुढे थंडीत एका संध्याकाळी विकासने मला खाली काढलं. "आई, तुझ्या ताईंचे किती भाग राहिलेत बघ," असं म्हणून त्याने कुठलातरी एक लावला. काका नेहमीप्रमाणे उठले. चप्पल पायात सरकवली. तेवढ्यात ताई गप्प झाली आणि माझ्या पोटातून खोल, घुमणारा आवाज आला. हूप, हूप, हूप, हूप.

काका दारातच थांबले.

"हाऊ कोन बोलना?"

विकास दचकला. "तुम्हाला ऐकू आलं, पप्पा?"

"हाऊ तं कुकुडकोंबा! मना बापना मळामा बोले!"

ते भराभर येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसले. पायातली चप्पल काढायचीही विसरले. ताईने त्याला भारद्वाज म्हटलं. विकासने तो पुन्हा लावला, पुन्हा लावला. काकांनी दोन्ही तळहात माझ्या जाळीवर ठेवले होते. मग त्यांनी विकासला विचारलं, "ते बारीक पाखरू, शिंपी, ते तुले आयकू येस ना?"

"येतं की."

दुसऱ्या दिवशी ते कानात घालायची रबरी बुचं घेऊन आले. विकास ओशाळला. "पप्पा, खात्यात कोणीच घालत नाही. हसतील सगळे."

"हसू दे त्यास्ले. माले कोनी सांगनं नव्हतं."

विकासने बुचं खिशात टाकली. घालतो की नाही, हे काका रोज खात्यात जाऊन बघू लागले. आता तो घालतो.

मित्रांनो, माझी बॅटरी आता दमली आहे. वायर लावल्याशिवाय मी बोलत नाही. तरी एवढं सांगतो. कान जपा. आवाज बेतानेच लावा. आणि बाहेर एखादं पाखरू बोललं, तर हातातलं काम थांबवून त्याचं ऐका.

परवा माझ्यातून शिंपी बोलत होता. काका आता उठून जात नाहीत. ते शोभाबाईंकडे बघत होते. शोभाबाईंनी हातातली साडी बाजूला ठेवली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि आपल्या जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "टुवी, टुवी, टुवी."

"खरंच असं बोलस का व ते?"

"हां. असंच."

शिंपी तसा मुळीच बोलत नाही. पण काका डोळे मिटून हसत होते, आणि विकासने हळूच माझा आवाज बंद केला.